कल्पना, कारखानदार आणि 'किती नग?'

(सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, आहार आणि आरोग्य अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला 'नव्या वस्तूची कल्पना सुचली असता ती बनवून देणारा कारखानदार कसा मिळवावा' हा विषय मांडलेला पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल, आणि वक्ता म्हणून आमचे नाव वाचून ते नवल दुणावले असेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर. लेथ यंत्राला आम्ही आयुष्यात हात लावलेला नाही. परंतु केंद्र सरकारच्या सेवेतील आमची बरीच वर्षे खरेदी विभागात गेली. म्हणजे कारखानदार ज्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन बसतो, त्या टेबलाच्या पलीकडल्या खुर्चीत आम्ही बसलो. हा विषय स्वीकारण्याचे एक कारण हे. दुसरे कारण घरचे आहे, आणि ते आधी सांगितले पाहिजे.

आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो (आणि शेजारची कानडी मंडळीही अण्णाच म्हणतात, या एका शब्दाला भाषांतर लागत नाही), ते येथील सार्वजनिक क्षेत्रातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षे होते. २००३ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच सुमारास वहिनींचे गुडघे इतके दुखू लागले की विळीवर बसणे अशक्य झाले. सुरीने भाजी चिरता येते, पण नारळ कशाने खवावा? बेंगळुरूत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या मराठी घरात नारळाचा खप कोकणातल्याइतकाच होतो, हे आपणांस ठाऊकच आहे. अण्णांनी पंधरा दिवस कागदावर रेघोट्या ओढल्या आणि राजाजीनगरातील एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये बसून एक वस्तू घडवली. ओट्याच्या कडेला पकडीने आवळून बसवायची विळी. काम झाले की पाते म्यानात मिटते, आणि टोकाला खवणी. वहिनींनी पहिल्याच दिवशी उभ्याने दोन नारळ खवले. घरात आनंदीआनंद झाला, आणि जो तो म्हणू लागला की अण्णा, ही बाजारात आणा.

येथवरची गोष्ट कोणत्याही हुशार कारागिराच्या घरी घडते. पुढची पीण्यात घडली.

तुमकूर रस्त्यावरील पीण्या औद्योगिक वसाहत आपण बसच्या खिडकीतून पाहिली असेल. तिथल्या गल्ल्यांत ओतकाम करणारे, पत्रा कापणारे, स्प्रिंगा वळणारे, धातूला रंग आणि मुलामा देणारे हजारो लहानमोठे कारखाने आहेत. अण्णा नमुना पिशवीत घालून महिनाभर तेथे फिरले. कारखानदार नमुना हातात घेई, उघडमीट करून पाही, मनापासून तारीफ करी, आणि मग सर्वत्र तोच एक प्रश्न येई: "एष्टु पीस बेकु, सार?" किती नग हवेत? अण्णांना वाटले, हा उद्धटपणा आहे. एवढी अभिनव वस्तू समोर ठेवावी, आणि याने तिच्याविषयी एक शब्द न विचारता नग विचारावेत! आमचेही मत त्या वेळी तेच होते. आज वाटते की कल्पना घेऊन निघालेल्या माणसाला विचारण्यासारखा खरा प्रश्न हा एवढाच असतो, आणि त्याचे उत्तर खिशात नसताना आपण ते दार वाजवावयास नको होते.

हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. आपल्याच माणसांचा आणि याच नगरीचा इतिहास पाहावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव काढल्यावाचून मराठी माणसाचे उद्योगावरील भाषण पुरे होत नाही, ते आम्हीही काढतो. परंतु त्यांच्या चरित्रातील जो भाग सहसा घाईने उरकला जातो, तेथे जरा थांबू. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे भावाच्या साथीने त्यांनी सायकलींचे दुकान थाटले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र काढले आणि १९०३ साली लोखंडी नांगर घडविला. नांगर उत्तम होता. तो घडवून देणारा कारखानदारही शोधावा लागला नाही, कारण कारखानदार ते स्वतःच होते. अडले होते गिऱ्हाईक. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे म्हणजेच 'किती नग' या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंतचा काळ, आणि तो कंठण्यासाठी लक्ष्मणरावांपाशी सायकलींचे दुकान आणि कडब्याची यंत्रे होती. पुढे १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ साली हरिहरास मैसूर किर्लोस्कर, आणि १९४६ साली आपल्या या बेंगळुरूत त्यांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर इलेक्ट्रिक काढली. त्या कंपनीत नोकरी केलेली मंडळी या सभागृहात बसली असतील. त्यांच्या भाकरीचे मूळ बेळगावच्या त्या न खपणाऱ्या नांगरात आहे.

आता जेथे गिऱ्हाईक आधी होते आणि वस्तू मागाहून आली, अशी दोन उदाहरणे घेऊ. दोन्ही कर्नाटकातील आहेत आणि दोन्हींचा संबंध मतदानाशी आहे, हा योगायोग.

मतदान करून आल्यावर डाव्या तर्जनीवर जी जांभळी-काळी रेघ उरते, तिची शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सिद्ध झाली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. कातडीवर पडलेला त्याचा डाग धुतल्याने जात नाही. प्रयोगशाळा शाई शोधून काढील, पण देशभरच्या मतदानकेंद्रांना पुरेल इतकी बनविणार कोण? शोध आणि कारखाना यांची गाठ घालून देण्यासाठी केंद्र सरकारने १९५३ साली राष्ट्रीय संशोधन विकास निगम स्थापन केला होता. त्याच्या मार्फत हे काम म्हैसूरच्या रंगांच्या कारखान्याकडे आले. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राजवटीत १९३७ साली लाख आणि रंग यांसाठी निघालेला हा कारखाना १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई पुरवीत आला आहे, आणि आता ती परदेशांतही जाते. गिऱ्हाईक एकच, म्हणजे निवडणूक आयोग. पण ते ठाम, आणि दर निवडणुकीला परत येणारे. अशा वेळी कारखानदाराला शोधावे लागत नाही.

दुसरे उदाहरण मतदानयंत्राचे. त्याच्याभोवतीचे राजकीय वाद हा आजचा विषय नव्हे. आपण ते केवळ कारखान्यात घडणारी एक वस्तू म्हणून पाहू. १९७७ साली निवडणूक आयोगाच्या मनात ही कल्पना आली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९ साली नमुना सिद्ध केला, आणि उत्पादनासाठी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे आपल्या जलहळ्ळीची 'बीईएल' तिच्या जोडीला आली. यंत्राचे बाह्यरूप, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही बटण आणि चिन्ह यांची जोडी कळावी अशी त्याची मांडणी, पवईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्राच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी केली. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघाच्या पन्नास केंद्रांवर यंत्र वापरले गेले. पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात तरतूद नसताना असे यंत्र वापरता येणार नाही. कायदा १९८८ च्या डिसेंबरात दुरुस्त झाला. लागलीच यंत्रे बनली आणि वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिली. १९९८ साली काही विधानसभा मतदारसंघांत ती बाहेर निघाली आणि २००४ सालची लोकसभा निवडणूक सर्वस्वी त्यांवर झाली. कल्पनेपासून येथवर सत्तावीस वर्षे! एखाद्या खाजगी माणसाची कल्पना असती तर त्याचे घरदार विकले गेले असते. येथे थांबण्याचा खर्च गिऱ्हाइकाने सोसला, म्हणून वस्तू जगली.

या दोन यशस्वी कथांवर भाषण संपवले असते तर ते ऐकावयास गोड लागले असते. पण त्याच जलहळ्ळीच्या कारखान्यातून त्याच २००४ साली आणखी एक वस्तू बाहेर पडली, आणि आमच्या मते आजच्या विषयाचे सारे मर्म तिच्यात आहे. तिचे नाव 'सिंप्युटर'.

येथील जुने लोक ज्या भारतीय विज्ञान संस्थेला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, तेथील संगणकशास्त्राचे चार प्राध्यापक, विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय, आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे दोन सहकारी, या सात जणांनी १९९९ साली सिंप्युटर ट्रस्ट स्थापन केला. (देशपांडे हे आडनाव धारवाडकडेही आहे आणि नागपूरकडेही, तेव्हा 'आपले' म्हणण्याची घाई नको.) कल्पना अशी: खेड्यातल्या माणसाला परवडेल असा, तळहातावर मावणारा, त्याच्या भाषेत बोलणारा संगणक. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास. तेवढीही एकट्याला झेपत नसेल तर गावाने मिळून एक घ्यावा आणि प्रत्येकाने आपले स्मार्टकार्ड त्यात सरकवून आपापली माहिती पाहावी. पडद्याला स्पर्श केला की यंत्र चाले, कळफलक नव्हता. एप्रिल २००१ मध्ये नमुना जगापुढे आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत त्याची गणना वर्षातील मोठ्या कल्पनांत झाली. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात जे यंत्र आहे, त्याचे कितीतरी गुण या यंत्रात त्या काळी होते. पुढे बाजारात आलेल्या 'अमिडा' नावाच्या सिंप्युटरमध्ये तर यंत्र हाताने हलविले की पान उलटे. आयफोन येण्यापूर्वी तीन वर्षे, मित्रहो, आणि आपल्या बेंगळुरूत!

मग झाले काय? ट्रस्टचा बेत स्वतः कारखाना काढण्याचा नव्हताच. रचना आम्ही देतो, परवाना घ्या आणि बनवा, असा उदार विचार होता. अनेक उत्पादक पुढे येतील, स्पर्धा होईल आणि किंमत उतरेल, असे गणित होते. पुढे येण्यास मोठे उत्पादक फारसे राजी दिसेनात. अखेर प्राध्यापकांना स्वतःची 'पिकोपेटा' कंपनी काढावी लागली आणि एन्कोअरला आपली वेगळी वाट धरावी लागली. पिकोपेटाने बीईएलशी करार केला आणि २००४ च्या मार्चमध्ये अमिडा विक्रीस आला, सुमारे दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत. पहिल्या वर्षी पन्नास हजार यंत्रे जातील असा अंदाज होता. प्रत्यक्षात विक्री चार हजारांच्या आसपास अडली.

यात दोष कोणाचा, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु खरेदीच्या टेबलावर बसलेला माणूस म्हणून एक गोष्ट आमच्या डोळ्यांना दिसते. त्या यंत्राचा पडदा, त्याची चिप, त्याची स्मृती, हे सारे सुटे भाग बाहेरून विकत घ्यावयाचे. आणि सुट्या भागांचा भाव नगांवर ठरतो. एक लाख यंत्रे बनविणाऱ्याला जो पडदा ज्या भावात पडतो, तो दोन हजार बनविणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे किंमत उतरावी तर नग हवेत, आणि नग हवेत तर किंमत आधी उतरावी. ही गाठ सोडविणारा एकच हात असतो, तो आगाऊ मागणी नोंदविणाऱ्या गिऱ्हाइकाचा. खेड्यातील माणूस हा वापरणारा होता. पैसे देणारा तो नव्हे. पैसे सरकारी खात्यांनी द्यावेत अशी अपेक्षा होती, आणि ती खाती पाहणी करीत होती, एखादा प्रायोगिक प्रकल्प काढीत होती. पण हजारोंच्या संख्येने मागणी नोंदवीत नव्हती. दरम्यान मोबाइल फोन स्वस्त होत गेला, आणि फोन करण्यासाठी पैसे मोजावयास खेड्यातला माणूस स्वतः तयार होता. छत एक, कामगार तेच, तपासणी तितकीच कडक. मतदानयंत्र देशभर गेले आणि सिंप्युटर चार हजारांवर थांबला. कारखानदार मिळूनही काय उणे राहू शकते, ते येथे दिसते.

सरकारी खाती मागणी का नोंदवीत नाहीत, असा प्रश्न आपण मनात विचारला असेल. त्याचे उत्तर देणे आमच्यावर आहे, आणि ते थोडे लाजिरवाणे आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्या कार्यालयात आला होता. दस्तऐवजांच्या खोलीसाठी त्याने चाकांची एक शिडी बनविली होती; माणूस पायरीवर चढला की चाके आपोआप जखडत. आमच्या कार्यालयात तशा शिडीची गरज होती, कारण एक वृद्ध शिपाई साध्या स्टुलावरून पडून जायबंदी झाला होता. वस्तू आम्हांला पसंत होती. पण निविदेच्या अटींत 'तत्सम वस्तूच्या पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव' असे कलम होते. जी वस्तू आजवर नव्हतीच, तिचा तीन वर्षांचा अनुभव कोणापाशी असणार? शिवाय तुलनेसाठी दुसऱ्या पुरवठादाराचे दरपत्रक हवे, आणि दुसरा पुरवठादार जगात नव्हता. तो तरुण नमस्कार करून गेला, तो परत आला नाही. त्या अटींच्या कागदावर सही आमची होती. २०१६ पासून नोंदणीकृत स्टार्टअपांना पूर्वानुभव आणि उलाढाल या अटींतून, दर्जा सांभाळून, सूट देण्याची सोय झाली आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून ठरावीक हिश्श्याची खरेदी करणे केंद्रीय खात्यांवर बंधनकारक आहे. आणि सरकारच्या ऑनलाइन बाजारपेठेत घरबसल्या नाव नोंदविता येते. या सोयी त्या वेळी असत्या, किंवा त्या नसतानाही आम्ही फाइलवर चार ओळी अधिक लिहिण्याचे कष्ट घेतले असते, तर काय झाले असते, हा विचार आम्हांला अजून सोडीत नाही.

असो. अण्णांना आपण पीण्यात सोडले आहे.

महिनाभर फिरल्यावर त्यांना एक भला ओतकामवाला भेटला. त्याने सांगितले की विळीचे अंग ॲल्युमिनियमचे दाबाच्या ओतकामात काढले तर सुबक निघेल, पण त्यासाठी पोलादी डाय करावा लागेल. खर्च एक लाख ऐंशी हजार. आणि एकदा यंत्रावर डाय चढविला की हजार नगांखाली काम परवडणार नाही. येथे नवख्या मंडळींसाठी थोडा हिशेब. डायचा खर्च नगांवर वाटला जातो. हजार नग काढले तर प्रत्येक नगावर एकशे ऐंशी रुपये नुसते डायचे. दहा हजार काढले तर अठरा. अण्णांना हे गणित आमच्याहून शतपट अधिक ठाऊक होते, कारण अठ्ठावीस वर्षे त्यांनी डायच केले होते. पण ते दुसऱ्याच्या पैशांनी केलेले होते, आणि त्या डायवर किती नग निघणार याची चिंता वरच्या मजल्यावरील कोणी अधिकारी करीत असे. ग्रॅच्युइटीच्या रकमेतून त्यांनी डाय केला आणि हजार विळ्या काढल्या. प्रत्येकीची किंमत चारशे पन्नास ठेवली.

यानंतर तीन गोष्टी घडल्या. २००५ च्या जानेवारीत त्यांनी एका प्रदर्शनात विळी मांडली, हौसेने सर्वांना उलगडून दाखविली, आणि त्यानंतर पेटंटचा विचार केला. एजंटने पहिलाच प्रश्न विचारला, 'ही कोठे उघडपणे दाखविली आहे काय?' आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात वस्तूचे नावीन्य अर्जाच्या दिवशी शाबूत असावे लागते. केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडल्यास बारा महिन्यांची सवलत आहे. गल्लीतल्या प्रदर्शनाला ती नाही. तात्पुरत्या विवरणाचा अर्ज आधी करून मग बारा महिन्यांत पूर्ण विवरण देता येते, आणि व्यक्तीला त्याची फी आज ऑनलाइन सोळाशे रुपये आहे. सोळाशे रुपये आणि दोन पाने! अण्णांनी एक लाख ऐंशी हजार खर्च केले. हा खर्च करण्याचे कोणी सुचविले नाही, आणि सरकारी नोकर असलेल्या आम्हांलाही ते सुचले नाही. कर्नाटकातील अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, एवढेसुद्धा आम्हांला ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट डायची. तो ओतकामवाल्याकडेच राहिला. पैसे अण्णांचे, पण डायवर अण्णांचे नाव कोरलेले नव्हते आणि मालकी कोणाची हे पावतीवर लिहिलेले नव्हते. वर्षभराने तो कारखाना बंद पडला आणि यंत्रसामग्री कर्जवसुलीत गेली. तिच्याबरोबर डायही गेला. भला माणूस होता, त्याने हेतुपुरस्सर काही केले नाही, हे अण्णा आजही आवर्जून सांगतात.

तिसरी गोष्ट मात्र सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत महाग ठरली. अण्णांच्या घरचा ओटा कडप्प्याचा, जेमतेम पाऊण इंच जाडीचा. विळीची पकड त्या मापाने केलेली, फार तर पंचवीस मिलिमीटर उघडणारी. पण त्या वर्षांत नव्या घरांतून ग्रॅनाइटचे ओटे येत होते, आणि ते जाड दिसावेत म्हणून गवंडी कडेखाली दुसरी पट्टी चिकटवीत. एकेक फरशी अठरा ते वीस मिलिमीटर. दोन मिळून चाळिसाच्या आसपास. पकड तेथे बसेना. प्रदर्शनात हौसेने नेलेल्या विळ्या बायका चार दिवसांत परत आणून देऊ लागल्या. हजारांपैकी एकशे चाळीस खपल्या. नमुना एकाच स्वयंपाकघरात पारखला होता, आणि ते स्वयंपाकघर अण्णांचे होते.

आज कोणी विचारील की मग पहिले शंभर नग काढावे तरी कसे? याचे उत्तर वीस वर्षांत पुष्कळ सोपे झाले आहे. लेसरने पत्रा कापून तो वाकवून देणारे कारखाने आता दहा नगांचेही काम घेतात. त्यास डाय लागत नाही. नमुना त्रिमिती छपाईने दोन दिवसांत हाती येतो. ओतकामच हवे असेल तर पहिली खेप वाळूच्या साच्यात काढावी, ओबडधोबड का होईना. डाय करण्याची वेळ आलीच तर राजाजीनगरात राज्य सरकारचे टूलरूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे, डेन्मार्कच्या साहाय्याने १९७२ साली निघालेले. आणि तुमकूर रस्त्यावर १९६२ सालापासूनची केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील सल्ला पहिल्या भेटणाऱ्या कारखानदाराच्या सल्ल्याहून निःपक्षपाती असतो. कारखानदाराची निवड करताना अण्णांनी सांगितलेली एक युक्ती आम्हांला फार आवडते: ओतकामवाल्याचा माल कसा असतो हे त्याला विचारू नये, पावडर कोटिंग करणाऱ्याला विचारावे. दहा कारखान्यांचा माल त्याच्याकडे रंगावयास येतो, आणि कोणाच्या ओतकामात भोके असतात हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. गोपनीयतेच्या कराराविषयी मात्र फार आशा बाळगू नये; पीण्यातला लहान कारखानदार तुमचे चार पानांचे इंग्रजी वाचून सही करण्याइतका रिकामा नसतो. अर्ज आधी दाखल करावा आणि मग निश्चिंतपणे बोलावे. आणि बोलावे कानडीत. मोडकीतोडकी चालते, पण कानडीत बोललेल्या माणसाला चहा मिळतो आणि खरा भाव कळतो.

अण्णा आता सत्तरीच्या पुढे आहेत. माळ्यावरील विळ्या काही भंगारात गेल्या, काही नात्यागोत्यांत वाटल्या गेल्या. जुना ओटा असलेल्या घरांत त्या आजही चालतात. वहिनी अजून त्याच पहिल्या नमुन्यावर नारळ खवतात. गतवर्षी त्यांच्या नातीने, जी येथेच यंत्र अभियांत्रिकी शिकते, ती विळी खाली काढली आणि पंधरापासून पन्नास मिलिमीटरपर्यंत उघडणारी नवी पकड बसविली. अंग ओतकामाचे नाही. वाकवलेल्या स्टेनलेस पत्र्याचे आहे. आजवर दहा नग झाले आहेत. अकरावा करण्यापूर्वी शंभर घरांतून होकार मिळवायचा, असे तिने ठरविले आहे, आणि तिच्या वहीत काल रात्रीपर्यंत सदतीस नावे होती.

तो नमुना आज बाहेरच्या दालनात टेबलावर मांडला आहे. नव्या पकडीचा पेटंट अर्ज मागील महिन्यात दाखल झाला असल्यामुळे तो हाताळण्यास आणि त्याविषयी बोलण्यास कोणतीही हरकत नाही. ज्यांना विळी हवी असेल त्यांनी वहीत नाव लिहावे. आणि हवी असो वा नसो, सर्वांनी घरी गेल्यावर आपल्या ओट्याच्या कडेची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून, दगड कोणता ते लिहून, मंडळाच्या चिटणिसांकडे चिठ्ठी पाठवावी. कडेखाली पट्टी असल्यास तीही धरावी. ज्यांच्याकडे मोजपट्टी नाही त्यांच्यासाठी कागदी पट्ट्या चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत.